जात सांगते किती, माती सांगते केव्हा

चामोर्शीहून मार्कंड्याच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला सकाळी दोन तऱ्हेचे कुत्रे भेटतात. एक अंगणातल्या राखेतून उठतो, अंग झटकतो, पांदणीनं शेतापर्यंत जाऊन येतो, वाटेत चार ओळखीच्यांना हुंगतो आणि उन्हं वर आली की पुन्हा राखेत येऊन पडतो. तो आपला गावठी. दुसरा लोखंडी फाटकाच्या आत वावभर साखळीला बांधलेला असतो आणि पहिल्याकडे बघून केकाटत असतो. तो लॅब्रॅडॉर, नाहीतर जर्मन शेफर्ड. पहिल्याचं उजाडल्यापासून दोन-तीन किलोमीटर चालणं झालेलं असतं. दुसऱ्याच्या साखळीनं जमिनीवर एक गोल उमटवलेला असतो, आणि त्या गोलात गवताची काडी उगवत नाही.

चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी, गडचिरोली, चामोर्शी अशा गावांत आता जातिवंत कुत्री पुष्कळ घरांत आहेत. माणसांनी ती हौसेनं आणलेली असतात, पोरासारखी वाढवलेली असतात. खाणं, औषध, आंघोळ सगळं होतं. राहतं ते फिरवणं. आणि ज्यांना फिरवायचं असतं त्यांनी फोनवर शोधलं की उत्तर येतं, ‘रोज दोन तास.’ हा आकडा चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. कुत्र्याला किती आणि कोणत्या प्रकारची मेहनत लागते हे त्याची जात सांगते. ती मेहनत केव्हा आणि कुठे करवून घ्यायची हे आपली माती सांगते. आपल्या मातीवर मे महिन्याचं ऊन आहे आणि गावाच्या शिवेवर बिबट्या आहे. या दोघांना विचारल्याशिवाय इथे कुत्र्याचं वेळापत्रक ठरत नाही.

आकडा कुठून आला

ब्रिटनमधल्या केनेल क्लबसारख्या संस्था प्रत्येक जातीसाठी रोजच्या व्यायामाचा अंदाज देतात. कुणाला अर्धा तास, कुणाला एक तास, कुणाला दोन तासांहून जास्त. आपल्याकडे फिरणारे बहुतेक आकडे अशाच ठिकाणांहून आलेले आहेत. लंडनला जुलैच्या दुपारी सरासरी २३-२४ अंश तापमान असतं. चंद्रपूरला मे महिन्यात दुपारचा पारा सरासरी ४३ अंशांच्या आसपास राहतो, आणि वाईट दिवसांत ४६-४७ पर्यंत जातो. तिकडचे दोन तास उचलून इकडच्या उन्हाळ्यात ठेवले, तर कुत्रा मरू शकतो.

म्हणून आकड्याकडे बघताना आधी एक गोष्ट विचारायची: ही जात कोणत्या कामासाठी घडवली गेली? ते काम सुटलं, तरी अंगातली ओढ सुटत नाही. ती ओढ भागवणं म्हणजेच व्यायाम.

कोणत्या जातीला किती

लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर. लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांबरोबर जाळी ओढायचे, निसटलेले मासे धरून आणायचे. पुढे ब्रिटनमध्ये शिकाऱ्यांनी पाडलेले पक्षी आणून देण्याचं काम त्यांच्याकडे आलं. पोहणं आणि तोंडात धरून आणणं या दोन गोष्टी या कुत्र्याच्या रक्तात आहेत. निरोगी, वयात आलेल्या लॅब्रॅडॉरला हिवाळ्यात दिवसाला दीड ते दोन तास हवेत, तेही दोन खेपांत. याची भूक मात्र वेगळी गोष्ट आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं, की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये ‘पोट भरलं’ असं मेंदूला कळवणाऱ्या साखळीतलं एक जनुक तुटकं असतं. त्याची भूक खरोखरच भागत नाही. त्यामुळे ‘मागतो म्हणून दिलं’ हा हिशेब लॅब्रॅडॉरला चालत नाही. व्यायाम कमी होणार असेल त्या दिवशी ताटही कमी करा.

जर्मन शेफर्ड, डॉबरमन, रॉटवायलर. ही कामकरी मंडळी. जर्मन शेफर्डची जात १८९९ मध्ये मॅक्स फॉन स्टेफानिट्झ या जर्मन अधिकाऱ्यानं बांधली, ती दिवसभर मेंढ्यांच्या कळपाभोवती फिरणाऱ्या कुत्र्यांतून. रॉटवायलर गुरं हाकायचा. डॉबरमन करवसुली करणाऱ्या एका माणसानं स्वतःच्या राखणीला तयार केला. यांनाही दीड-दोन तास लागतात, पण नुसत्या चालण्यानं यांचं भागत नाही. बस, थांब, शोध, आण, सोड अशा हुकमांवर चालणारं पंधरा मिनिटांचं काम यांना अर्ध्या तासाच्या फेरीइतकं दमवतं. रिकामा ठेवलेला जर्मन शेफर्ड स्वतःच काम शोधतो, आणि ते काम म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यावर धावणं. चावरेपणाच्या पुष्कळ तक्रारींचं मूळ इथे असतं.

बीगल आणि कॉकर स्पॅनियल. बीगल सशाचा माग नाकानं काढणारा कुत्रा. त्याला तास-सव्वा तास पुरतो, पण त्या वेळात त्याला हुंगू दिलं पाहिजे. पट्टा खेचत भरभर चालवलेला बीगल घरी येतो तो अर्धपोटीच. आणि वासाच्या मागे लागला की हाक त्याच्या कानात शिरत नाही, म्हणून आपल्या भागात त्याला मोकळा सोडायचा प्रश्नच येत नाही.

पग, शिह त्झू, बुलडॉग, बॉक्सर. चपट्या नाकाची ही कुत्री. पग आणि शिह त्झू चिनी दरबारात मांडीवर वाढले. पगला दिवसाला अर्धा-पाऊण तास, तोही दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत पुरतो. बॉक्सरच्या अंगात जोर भरपूर, त्याला मेहनत जास्त लागते, पण नाकाची अडचण तीच. घोरण्यासारखा आवाज करत चालणारा पग लाडात आलेला नसतो, त्याला श्वास कमी पडत असतो. अशांच्या गळ्यात पट्टा नको, छातीवरून जाणारा हार्नेस घाला. एप्रिल ते जून त्यांचं फिरणं घरातल्या घरात करा.

डॅशहंड आणि पॉमेरेनियन. डॅशहंड बिळात शिरून शिकार करायला घडवला, म्हणून पाय आखूड आणि पाठ लांब. त्याला पाऊण तास चालवा. मात्र जिने आणि सोफ्यावरून उड्या टाळा, त्याच्या मणक्याची चकती सरकते. आपण ज्याला पॉमेरेनियन म्हणतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, मूळ पॉमेरेनियनपेक्षा थोराड आणि चिवट. त्याला दोन वेळा मिळून पाऊण तास पुरे.

कारवानी. मराठवाडा, दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मुधोळच्या बाजूला घडलेला हा आपला कुत्रा. २००५ मध्ये डाक विभागानं देशी जातींवर तिकिटं काढली, त्यांत मुधोळ म्हणून हाच होता. लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट. नजरेनं शिकार हेरून सुसाट पळणारा. त्याला रोज तासभर चालणं आणि आठवड्यातून तीन-चारदा बंदिस्त जागेत दहा-पंधरा मिनिटं पूर्ण वेगानं पळणं हवं. बंदिस्त हा शब्द महत्त्वाचा आहे. रानाकडेला सोडलेला कारवानी सशामागे, चितळाच्या पाडसामागे जाणारच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधली शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. पाठलाग करणं, हाकणं हेही तिच्यात येतं. तुमचा कुत्रा, म्हणजे जबाबदारी तुमची.

गावठी. हजारो वर्षं याच उन्हात तावून-सुलाखून निघालेला. अंगावर आखूड केस, अंग सडपातळ, तब्येत काटक. घरात ठेवलेल्या गावठीला तास-सव्वा तास फिरणं पुरतं आणि तो ते कुठल्याही ऋतूत इतरांपेक्षा चांगलं सोसतो. पण पाळल्यावर त्यालाही बांधून ठेवलं, तर तोही इतरांइतकाच बिघडतो.

हस्की आणि सेंट बर्नार्ड. यांच्याबद्दल स्पष्टच लिहिते. हस्की सैबेरियाच्या बर्फात घसरगाडी ओढायला घडला, सेंट बर्नार्ड आल्प्सच्या खिंडीत. त्यांच्या अंगावर दुहेरी केसांची गोधडी आहे. त्यांना लागणारी मेहनत चंद्रपूर-गडचिरोलीत वर्षातले सात-आठ महिने देताच येत नाही. कितीही आवडले तरी आणू नका.

ऊन: घड्याळापेक्षा मोठा मालक

माणूस सगळ्या अंगानं घाम गाळतो. कुत्र्याला घाम येतो तो तळव्यांना, तोही नावापुरता. त्याचा सगळा भर धापा टाकण्यावर असतो: जिभेवरची, तोंडातली ओल उडते आणि रक्त थंड होतं. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असेल, किंवा जूनसारखी दमट असेल, तर हे यंत्र नीट चालत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश असतं. ते ४१ च्या वर गेलं की मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांना धोका सुरू होतो.

हे मी पुस्तकातून शिकण्याआधी रस्त्यावर शिकले. माझा पहिला लॅब्रॅडॉर शेरा दोन वर्षांचा होता. एप्रिलमध्ये एका सकाळी साडेसातला निघालो, दोन तासांचा आकडा पुरा करायचा म्हणून रेटत राहिले. सव्वानऊच्या सुमाराला तो रस्त्याकडेच्या पळसाखाली बसला आणि उठेना. जीभ पळीसारखी रुंद होऊन बाहेर आलेली, टोकाला वळलेली. हिरड्या विटेसारख्या लाल. लाळ घट्ट, तारेसारखी लोंबणारी. डोळे माझ्याकडे, पण नजर भलतीकडेच. समोरच्या घरातल्या बाईंनी हापशी मारली आणि आम्ही दोघींनी बादलीमागून बादली त्याच्या मानेवर, पोटावर, जांघेत ओतली. तिथल्या पोरानं सुपानं वारा घातला. वीस मिनिटांनी तो उठला. मग गाडी मागवून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेला. तो वाचला तो त्या हापशीमुळे.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी थंड करा, मग दवाखाना. साधं गार पाणी भरपूर ओता आणि वारा घाला. ओलं पोतं अंगावर टाकून ठेवू नका, त्याखाली वाफ कोंडते. शुद्धीत असेल तरच पाणी समोर ठेवा, तोंडात ओतू नका. उठून उभा राहिला तरी डॉक्टरांना दाखवा, कारण आतल्या अवयवांची इजा दुसऱ्या दिवशी वर येते.

आणि निघण्याआधी एक सोपी परीक्षा घ्या: तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा आणि सात आकडे मोजा. हात उचलावा लागला, तर कुत्र्याला त्या रस्त्यावर नेऊ नका. डांबर संध्याकाळी उशिरापर्यंत तापलेलं राहतं, नदीची वाळूही तशीच. मार्कंड्याच्या घाटाखालची वाळू मे महिन्यात सकाळी नऊलाच पाय भाजते.

बिबट्या: दुसरा मालक

ऊन म्हणतं, पहाटे निघा नाहीतर अंधार पडल्यावर. आणि नेमकी तीच वेळ बिबट्याची असते. आपल्या भागातल्या कुत्रा पाळणाऱ्याची खरी अडचण ही आहे, आणि परदेशी तक्त्यांत तिचं उत्तर नाही.

बिबट्याला कुत्रा आवडतो हे गावात सगळ्यांना माहीत आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, उसाच्या शेतांत राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बिबट्यांनी खाल्लेल्या एकूण मांसाच्या वजनात ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांपेक्षाही जास्त. तो प्रदेश उसाचा, आपला जंगलाचा. पण गावाच्या कडेला झोपलेला कुत्रा दोन्हीकडे सारखाच. त्यात आपल्याकडे वाघ आहे, आणि मोहफुलांच्या दिवसांत पहाटे झाडाखाली येणारं अस्वल आहे. मोकळा कुत्रा अस्वलावर भुंकतो, अस्वल अंगावर आलं की घाबरून वळतो आणि धावत येतो तो थेट मालकाकडे. अस्वल त्याच्या मागोमाग.

यासाठी मी स्वतः पाळते ते नियम सांगते.

हातावरच्या रेषा दिसायला लागल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. मे महिन्यात आपल्याकडे साडेपाचच्या सुमाराला सूर्य उगवतो. साधारण पावणेसहा ते सात, हा तुमचा वेळ. डिसेंबरात उजाडायलाच साडेसहा-पावणेसात होतात, तेव्हा सात ते नऊ.

संध्याकाळची फेरी दिवस मावळायच्या आत संपवायची. उन्हाळ्यात तोवर रस्ता निवलेला नसतो, म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळची फेरी नाहीच. त्याऐवजी काय करायचं, ते पुढे येतं.

वाट गावातली धरायची: वस्तीचे रस्ते, शाळेचं मैदान, बाजाराची मोकळी जागा. नाल्याचा काठ, घाणेरीची झुडपं, ओस पडलेला वाडा, कडेला तुरीचं उभं पीक असलेली पांदण, हे सोडायचं.

पट्टा दोन मीटरचा, मजबूत, हातात धरलेला. मनगटाला गुंडाळू नका. कानात गाणी लावून चालू नका. शक्यतो दोघांनी मिळून जा.

आणि कुत्र्याचं ऐका. आमच्याकडे शेरानंतर काळी नावाची गावठी कुत्री आली. एका हिवाळ्यात सकाळी घाटाखालच्या वाळूत ती चालता चालता थांबली. पुढचा एक पाय उचललेला, तसाच हवेत. मानेपासून शेपटीपर्यंत केस उभे, शेपटी पायांत. भुंकली नाही. मी ओढलं तर बसली. चार हातांवर ओल्या वाळूत पंजाचा ठसा होता, कडा अजून ढासळल्या नव्हत्या, नखांच्या खुणा नव्हत्या. कुत्र्याच्या पंजात नखं उमटतात, मांजरकुळातली जनावरं नखं आत ओढून चालतात. आम्ही आल्या पावली मागे वळलो. त्या दिवसापासून काळी थांबली की मी कारण शोधत नाही, घरी येते.

शेवटचा नियम रात्रीचा आहे. साखळीला बांधून अंगणात ठेवलेला कुत्रा म्हणजे बिबट्यापुढे वाढून ठेवलेलं ताट. त्याला पळताही येत नाही. रात्री कुत्रा छपराखाली, दाराच्या आत. राखण तो तिथूनही करतो. त्याचे कान आणि नाक भिंतीला अडत नाहीत.

नाकाचा व्यायाम

ऊन आणि बिबट्या यांच्यामधली फट उन्हाळ्यात तासा-सव्वा तासाची उरते. उरलेली मेहनत कुठून काढायची? नाकातून.

माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस ते तीस कोटी. हुंगणं हे त्याचं वाचन आहे, आणि मन लावून केलेलं वीस मिनिटांचं हुंगणं त्याला चांगलं दमवतं. यासाठी पैसे लागत नाहीत.

सुरुवात अशी करा. कुत्र्याला आत ठेवा. त्याच्या रोजच्या खाण्यातला पाव हिस्सा बाजूला काढा: सुकं खाणं असेल तर दाणे, घरचं असेल तर भाकरीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. सावलीतल्या अंगणात पाच ठिकाणी ठेवा, दिसतील असे. मग कुत्र्याला सोडा आणि एकच शब्द म्हणा, ‘शोध.’ पहिले तीन दिवस एवढंच. चौथ्या दिवशी एक तुकडा पालथ्या घातलेल्या घमेल्याखाली, एक पोत्याच्या घडीत, एक खाटेच्या पायामागे. पुढच्या आठवड्यात जागा दहा करा. त्याचं डोकं खाली जाईल, नाकपुड्या फडफडतील, श्वास लहान-लहान होतील, शेपटी एका लयीत हलेल. सापडत नसेल तर दाखवू नका, थांबा. त्याला स्वतःला सापडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते बघण्यासारखं असतं.

दुसरा खेळ जुन्या टॉवेलचा. टॉवेल पसरून त्यावर दाणे टाका, गुंडाळी करा, वर सैल गाठ मारा. जर्मन शेफर्ड ती पंज्यानं धरून उलगडतो, बीगल नाकानं ढकलतो, लॅब्रॅडॉर टॉवेलसकट गिळायला बघतो; त्याच्यावर लक्ष ठेवा. तिसरा खेळ घरच्या माणसांचा. मुलांपैकी एकानं कपाटामागे लपायचं, दुसऱ्यानं कुत्र्याला सोडायचं. उन्हाळ्याच्या सुटीत हे दोघांनाही पुरतं.

तीन ऋतूंचं वेळापत्रक

उन्हाळा, मार्च अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा. मोठ्या जातींना सकाळी तीस-चाळीस मिनिटं सावकाश चालणं, दुपारी घरात पंधरा मिनिटं शोधाशोध, संध्याकाळी शिंपडलेल्या अंगणात पंधरा-वीस मिनिटं चेंडू किंवा हुकमांचा सराव. लहान जातींना याच्या निम्मं. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना पंख्याखाली. नवतपाच्या नऊ दिवसांत कुणालाही फिरवलं नाही तरी काही बिघडत नाही. माठाचं पाणी दोन ठिकाणी ठेवा.

पावसाळा. रोवणीच्या दिवसांत बांध्यांत पाणी साचतं, उंदीर बाहेर पडतात आणि त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, लसीत हा आजार आहे का ते डॉक्टरांना विचारा. घोणस, मण्यार, नाग याच दिवसांत वाटेवर येतात. आखूड पट्टा आणि मोकळा रस्ता बरा. घरी आल्यावर बोटं फिरवून कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली गोचीड शोधा. गोचिडीचा ताप कुत्र्याचं रक्त खातो, आणि खेळणारा कुत्रा अचानक मलूल झाला तर पहिला संशय तोच धरायचा. वैनगंगेत पोहायला नेणाऱ्यांनी हे चार महिने नदी सोडावी. वर गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की इथे पाऊस नसतानाही पाणी चढतं.

हिवाळा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हा खरा मेहनतीचा हंगाम. वर लिहिलेले पूर्ण आकडे या चार महिन्यांसाठी आहेत. लॅब्रॅडॉरला शांत, उथळ पाण्यात पोहवा; दहा मिनिटांचं पोहणं अर्ध्या तासाच्या चालण्याच्या तोडीचं आणि सांध्यांना हलकं. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते तेव्हा मात्र कुत्र्याला तिकडे नेऊ नका. गर्दी, भोंगे, पायांखालची शेपटी. शहाणा कुत्राही तिथे बिथरतो.

पिल्लू, म्हातारा आणि लठ्ठ

पिल्लासाठी एक ठोकताळा वापरात आहे: जितके महिने वय, तितक्या पाच-पाच मिनिटांची एक फेरी. चार महिन्यांच्या पिल्लाला एका वेळी वीस मिनिटं. मोठ्या जातींच्या हाडांची वाढ वर्ष-दीड वर्ष चालू असते. तोवर सायकलमागे पळवणं, उंच उड्या, जिने हे सगळं टाळा. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आढळतो आणि कोवळ्या वयातली अति मेहनत तो वाढवते. पिल्लाला स्वतःच्या मनानं अंगणात खेळू द्या. दमलं की ते आपणच झोपतं.

म्हाताऱ्या कुत्र्याचं फिरणं बंद करू नका, तुकडे करा. दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या त्याच्या सांध्यांना वंगण घालतात. लठ्ठ कुत्र्याला एकदम पळवू नका. बरगड्यांवर हात फिरवून बघा: हलक्या स्पर्शात त्या लागल्या पाहिजेत, वरून एखादी पातळ चादर असावी तशा. दाबून शोधाव्या लागत असतील, तर आधी ताट कमी करा आणि आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत न्या. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना जेवणानंतर तास-दोन तास स्वस्थ ठेवा. भरल्या पोटी उधळला तर पोटाला पीळ पडू शकतो, आणि तो काही तासांत जीव घेतो.

मेहनत पुरते आहे की नाही हे कुत्राच सांगतो. चपला कुरतडणं, माती उकरणं, अकारण भुंकणं, शेपटीमागे गरगर फिरणं म्हणजे कमी पडते आहे. परतल्यावर दहा मिनिटांनीही धाप न थांबणं, लंगडणं, दुसऱ्या दिवशी पट्टा बघून कोपऱ्यात जाणं म्हणजे जास्त होते आहे.

फिरण्याआधी लस

आपल्या भागात लस ही फक्त आपल्या कुत्र्यापुरती गोष्ट नाही. कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा आजार जंगलातल्या जनावरांना लागतो. १९९४ मध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीत त्यानं सुमारे एक तृतीयांश सिंह मारले. २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह गेले, त्यातही हा विषाणू सापडला. ताडोबाच्या भोवतालची, चपराळ्याच्या बाजूची गावं आणि जंगल यांच्यामध्ये भिंत नाही. आपली कुत्री आणि वाघ, बिबटे, रानकुत्रे एकाच नाल्यावर पाणी पितात. पिल्लाला दीड-दोन महिन्यांपासून डिस्टेंपर आणि पार्वोच्या लसी सुरू करा, चार महिन्यांचं होईपर्यंत ठरलेले डोस पुरे करा, तीन महिन्यांनंतर रेबीजची लस द्या आणि पुढे दर वर्षी. लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला गावात फिरवू नका. शेजारच्या गावठी कुत्र्यांनाही लस मिळेल यासाठी ग्रामपंचायतीत आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बोला.

आणि अजून कुत्रा आणला नसेल, तर आणण्याआधी घरात बसून एक हिशेब करा: मे महिन्यात पावणेसहाला उठणार कोण? नाव ठरत नसेल, तर गावातलं एखादं गावठी पिल्लू घ्या. तेही वेळ मागतं, पण इथलं ऊन सोसायला ते जन्मतः तयार असतं.

आमच्या गल्लीतल्या एका घरात असाच साखळीचा गोल होता. जर्मन शेफर्ड, चार वर्षांचा, दोन जणांना चावलेला. ‘देऊन टाकतो,’ म्हणून ते गृहस्थ माझ्याकडे आले. आम्ही दिवाळीनंतर सुरुवात केली: सकाळी पाऊण तास, दुपारी घमेल्याखालचे तुकडे, संध्याकाळी उजेड असेतो हुकमांचा सराव, रात्री ओसरीच्या आत. पहिले पंधरा दिवस तो पट्टा ओढून ओढून धापा टाकायचा. महिन्याभरानं फाटकापाशी कुणी आलं तर उठून बघायला लागला आणि पुन्हा बसायला लागला. मेमध्ये फेरी लहान झाली, पण घरातली शोधाशोध त्यांनी एक दिवसही सोडली नाही. जूनच्या शेवटी मी त्यांच्या अंगणात गेले तेव्हा साखळी खुंट्याला तशीच गुंडाळून ठेवलेली होती, आणि तो गोल कुठे होता ते मला विचारावं लागलं. तिथे बोटभर गवत आलं होतं.